दिरांचं मशीन आणि गणपतीचा पाट

त्या श्रावणात आमच्या घरातली एकही वस्तू आपल्या मूळ रंगात राहिली नव्हती. धाकटे दीर, ज्यांना मी भावजी म्हणते, आखातातून रजेवर आले होते आणि येताना एक मशीन घेऊन आले होते. पिस्तुलासारखी मूठ, मुठीत खाली सरकवायची बॅटरी आणि पुढे रबराची गोल तबकडी. तबकडीवर खरखरीत कागदाची चकती लावली की लाकूड घासायचं, आणि मेंढीच्या लोकरीची टोपी चढवली की तेच मशीन पॉलिश करायचं. वायर नव्हती. लोकांना त्याचंच जास्त नवल. ते घेऊन भावजी खळ्यात म्हणजे अंगणात, पडवीत, पार माडाच्या बुंध्यापर्यंत फिरायचे.

तिकडे ते गाड्यांना पॉलिश करायच्या कामावर होते. इथे गाडी कुठली! मग त्यांनी नवऱ्याची सायकल घेतली, नंतर पाण्याची घागर, मग पुढचा दरवाजा. सासऱ्यांची आरामखुर्ची केली, त्यांची काठी केली. एकेक वस्तू उचलायची, घोडा दाबायचा, घर्रर्र आवाज सुरू, आणि थोड्या वेळाने ती वस्तू चकचकीत होऊन भिंतीला लागायची. लगेच दुसरी. जेवायला बसले तरी डोळे इकडे तिकडे फिरत असायचे, आता काय घ्यावं म्हणून.

सासरे आदल्या वर्षी गेले तेव्हा भावजींना येता आलं नव्हतं. शेठने सोडलं नाही. आल्यापासून त्यांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. सासूबाईही आपणहून काही बोलल्या नाहीत. मशीन तेवढं बोलायचं.

ते बोलायचंही थोडाच वेळ. बॅटरी पटकन उतरायची आणि आमच्या घरात वीज नव्हती. विजेचा खांब शेजारच्या ख्रिश्चन मावशींच्या दारापर्यंत येऊन थांबला होता. भावजींच्या चार्जरची पिन इथल्या भोकांत बसेना, म्हणून त्यांनी ती कापून दोन तारा उघड्या केल्या होत्या आणि काडेपेटीच्या काड्या ठोकून त्या बसवल्या होत्या. मावशी त्या कोपऱ्याकडे पाठ करूनही बसायच्या नाहीत. बॅटरी पोचवायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. मला कुणाच्या घरी जायचं म्हटलं की नको वाटतं, आजही वाटतं. पण मावशींकडे जायला मला बरं वाटायचं. त्या एकट्याच बोलायच्या, मी नुसती मान हलवली तरी चालायचं.

आता पाटाचं सांगते. आमच्याकडे गणपतीची मूर्ती बाजारातून आणत नाहीत. नागपंचमीला घरचा पाट, नारळ आणि तांदूळ घेऊन गणपतीच्या शाळेत जायचं. शाळा म्हणजे मूर्तिकाराचं घर. त्या पाटावरच तो मातीचा पहिला गोळा ठेवतो, तिथेच मूर्ती घडते, आणि चतुर्थीला तोच पाट डोक्यावरून घरी येतो. आमचा पाट फणसाचा. घरामागच्या आमच्याच परड्यातला फणस वादळात पडला तेव्हा सासऱ्यांनी तो वाकसाने, सुताराच्या आडव्या कुऱ्हाडीने, तासून केलेला. ते काही सुतार नव्हते. पाटाच्या वरच्या अंगाला वाकसाचे घाव तसेच राहिले होते, लहान लहान खळगे, ओल्या वाळूवर पक्षी चालून गेल्यासारखे. दरवर्षी पाट माळ्यावरून काढून धुवायचा आणि खरवतीच्या पानाने घासायचा, हे माझं काम. खरवतीचं पान मांजराच्या जिभेसारखं असतं. लाकडाला इजा करत नाही, नुसता मळ उचलतं. ते काम करताना माझी बोटं त्या खळग्यांतून फिरायची. सासरे गेले त्या वर्षी सुतकात गणपती आणला नव्हता, त्यामुळे पाट दोन पावसाळे माळ्यावर होता.

भावजी आले त्या वर्षी मी पाट धुऊन पडवीत टेकवला आणि पानं आणायला परड्यात गेले. परत येते तो मशीन सुरू.

"वयनी, पानां ठेव ती," भावजी म्हणाले. "बाबांनी काम अर्धा सोडलेला. बघ आता."

फणसाची पिवळी धूळ सगळ्या पडवीभर उडाली होती. त्यांनी जाड कागद लावला, मग बारीक, मग त्याहून बारीक. खळगे गेले. मग डब्यातलं गाडीचं मेण काढलं, लोकरीची टोपी चढवली, आणि पाट असा झाला की पडवीचे वासे त्यात दिसायला लागले. सासूबाई आतून आल्या. पदराच्या टोकाने त्यांनी पाटाला हात लावला आणि म्हणाल्या, "बरो दिसता." तशाच आत गेल्या. मी पानं चुलीजवळ ठेवली. माझ्या हातांना काही काम उरलं नाही आणि ते दिवसभर भांड्यांवर आपटत राहिले.

नागपंचमीला सासूबाई, भावजी आणि मी शाळेत गेलो. नवरा मालवणला दुकानात कामाला, त्याला सुट्टी नव्हती. शाळा चालवणाऱ्यांना सगळे आबा म्हणतात. वयाने मोठे, अंगात नुसती बंडी, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीचे. मी पागोळ्यांच्या आत, दाराबाहेर उभी राहिले. आत पाटांची रांग लागली होती.

भावजींनी पाट ठेवला. आबांनी तो उचलून उजेडाला धरला.

"ह्यो पाट की न्हाव्याचो आरसो?"

आत बसलेले दोघेतिघे हसले. भावजीही हसले. त्यांना वाटलं कौतुक आहे.

"आबा, थंय शेठलोक ह्या पॉलिशीसाठी रांग लावतत."

"शेठाची गाडी धावता रे. माझो गणपती बसूक होयो."

आबांनी मुहूर्ताचा गोळा घेतला, नमस्कार केला आणि पाटावर दाबून बसवला. मग पाट एका बाजूने जरासा वर केला. गोळा बशीतल्या लोण्यासारखा सरकत कडेपर्यंत आला. आबांनी तो पडायच्या आत तळहातावर झेलला. आता कुणी हसलं नाही.

"बगलंस? ह्येच्यार देव बसूचो नाय, घसरगुंडी खेळतलो. डोक्यार घेऊन चिखलातसून चलतलंस, तुझो पाय सरकलो काय, तो गेलो."

"मगे दुसरो पाट देवा तुमचो," भावजी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

तेव्हा सासूबाई बोलल्या. चारचौघांत त्या सहसा बोलत नाहीत. "दुसरो नको. बसलो तर ह्येच्यार बसतलो. नायतर यंदाय नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षं घर गणपतीशिवाय ठेवायचं! त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं, पण नारळ त्यांनी छातीशी घट्ट धरला होता. त्यांना तो पाट का हवा होता हे सांगायची गरज नव्हती. घरात सासऱ्यांच्या हातचं असं तेवढंच होतं, ज्याला वर्षातून एकदा सगळे वाकून नमस्कार करायचे.

आबांनी डोकं खाजवलं, कपाळाला माती लागली. "पाट खरखरीत करून आणा. उद्या दिवे लागायच्या आत. परवा मी माती घालूक सुरवात करतंय, मगे एकटो पाट मागसून घेऊचो नाय. माका दोनच हात आसत."

घरी येताच भावजी मशीनकडे गेले आणि सासूबाईंनी त्यांना तिथेच अडवलं. नागपंचमीला आम्ही काही चिरत नाही, खणत नाही, विळीलासुद्धा हात लावत नाही. "आज काय घासूचा नाय," त्या म्हणाल्या. "उद्या."

"आये, उद्या येळ गावतलो काय?"

"गावलो तर गावलो."

मग भावजी खळ्यातून फेऱ्या मारू लागले. माझीही तीच गत. चिरायचं नाही, कापायचं नाही, म्हणजे स्वयंपाकातही हात गुंतत नव्हता. पाट देवासमोर उभा करून ठेवला होता आणि समईची ज्योत त्यात हलत होती. मी आत गेले की ती दिसायची, म्हणून मी आत जाणं टाळत होते, आणि तरी पुन्हा पुन्हा जात होते.

सकाळी उठले तर भावजी नाहीत. "कट्ट्याच्या बाजाराक गेलो," सासूबाई म्हणाल्या. "पयल्या गाडयेन. चायसुद्धा घेवक नाय."

"परत कधी येतले?"

"सांगून गेलो आसतो तर माका कळला आसता."

नवराही कामावर गेला. घरात आम्ही दोघी. मी खरवतीची पानं घेतली आणि पाटाच्या कोपऱ्यावर घासून पाहिलं. पान मेणावरून नुसतं पुसलं गेलं. मग घरात पडलेला काचकागद घेतला. दोनदा हात फिरवला की कागद मेणाने भरायचा, गुळगुळीत व्हायचा, आणि पाट होता तसाच. वाकस मला पेलला नसता. एखादा घाव खोल बसला असता तर पाटच फुटला असता. ऊन चढायला लागलं तसा मी कागद खाली ठेवला.

"आये, मी बगू काय?"

"काय?"

"मशीन."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीवर टांगलेल्या मशीनकडे. "आंघोळ कर पयली," त्या म्हणाल्या. "देवाचो पाट आसा."

मी आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच पडवीत बसले. भावजींना मी कितीदा पाहिलं होतं. सगळ्यांत जाड कागदाची चकती तबकडीवर बसवली, मळसूत्र आवळलं, पाट दोन पायांत धरला आणि घोडा दाबला. मशीन एवढ्या जोरात फिरेल असं पाहताना वाटलं नव्हतं. मनगट वळलं, तबकडीची कड पाटात घुसली आणि नखाएवढी चंद्रकोर उठली. मी घाबरून मशीन खाली टाकलं. सासूबाई म्हणाल्या, "हात गेलो काय?" मी म्हटलं, "नाय." "मगे उचल."

पुन्हा उचललं. या वेळी आधी हवेत सुरू केलं आणि मग हळूच टेकवलं. तबकडी सपाट राहिली की ते शहाण्यासारखं चालतं, कड लागली की उसळतं, एवढं हाताला कळलं. पण मला घाई झाली होती. घाई झाली की हात दाबतो. दाबलं की मेण गरम होऊन वितळायचं आणि काळपट लेप होऊन कागदावर बसायचं. चकती बदलायची, पुन्हा तेच. जाड चकत्या अशा कितीशा असणार! सासूबाईंनी विळीच्या पातीने कडेचं मेण खरवडायला घेतलं, न सांगता. आम्ही दोघी पाटाच्या दोन बाजूंना. मध्ये ते मशीन ओरडतंय. त्या आवाजात एक बरं होतं, बोलायची सोय नव्हती.

एका कोपऱ्याला मेणाखालून पिवळं लाकूड दिसायला लागलं आणि मशीनचा आवाज खाली आला. भोवरा पडायच्या आधी डोलतो तसं ते दोनदा डोललं आणि थांबलं.

मी बॅटरी पदरात धरून मावशींकडे धावले. मावशी दारातच होत्या.

"काय गो, सकाळपासून तुमच्याकडे गिरण लागली काय?"

मी पाटाचं सांगितलं. एवढं लांब मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

"देवा! मगे लाव, लाव. तुमच्या गणपतीक आमची वीज चलता मा?"

"चलता."

"मगे मोदक माका पयलो व्हयो. सासयेक सांग तुझ्या."

मी तारा घातल्या, काड्या दाबल्या. चार्जरवरचा लाल दिवा लागला. मी बसले. आणि दिवा गेला. मावशींच्या भिंतीवरचा बल्बही गेला.

"गेली वीज," मावशी म्हणाल्या. "पावसाचे दिवस. येतली."

"कधी?"

"ती काय माझ्या पोटचा चेडू आसा, सांगून येवक?"

मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. पुन्हा उठले. मावशींनी पुढे पेज ठेवली, ती माझ्याने गिळवेना. बाहेर पाऊस पडून जायचा, ऊन पडायचं, पुन्हा पाऊस. दर वेळी ऊन थोडं पुढे सरकलेलं असायचं. मला वाटे घरी जाऊन हाताने घासावं, आणि वाटे मी उठले की नेमकी वीज येईल. चार्जरकडे बघून बघून डोळे दुखले. मावशी म्हणाल्या, "बस गो वाईच. तुझ्या फिरण्यान माका घेरी इली." मी बसले, पण पाय हलतच होते.

दुपार कलल्यावर लाल दिवा लागला. पुरती भरेपर्यंत थांबायचा धीर मला झाला नाही. हाताला थोडी ऊब लागताच बॅटरी काढली आणि निघाले.

घरी पडवीत भावजी बसलेले. समोर पाट. माझे पाय खळ्यातच थांबले. त्यांच्या वस्तूला न विचारता हात लावलेला, आणि पाटावर एका कोपऱ्याला माझी चंद्रकोर. त्यांच्या बाजूला कागदाची पुडी होती. कट्ट्याच्या दुकानातून ते जाड काचकागद घेऊन आले होते, आणि त्याच्या गोल चकत्या कापत बसले होते.

"ह्यां तू केलंस?" त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मी मान हलवली.

"आणि ह्या?" चंद्रकोरीवर.

पुन्हा मान हलवली.

"बॅटरी हाड," त्यांनी हात पुढे केला.

मी दिली. त्यांनी ती मुठीत सरकवली, नवी चकती लावली आणि मशीन माझ्याकडेच धरलं. मला वाटलं चेष्टा करतायत. "धर," ते म्हणाले. "माझो हात गुळगुळीत करूक शिकलेलो. माका खरखरीत जमूचा नाय. तुझो कोपरो बरो झालो आसा."

मी घेतलं. ते पाट धरून बसले, मी फिरवत राहिले. "दाबू नको वयनी. तेचा काम तेका करू दे." मग थोड्या वेळाने, "आता उभ्या बाजून. रेघेर रेघ येवक होयी." मी रेघा ओढत होते. आडव्या, मग उभ्या, जमीन नांगरल्यासारख्या. मेणाचा वास गेला आणि फणसाचा वास आला. भावजींच्या गुडघ्यांवर पिवळी धूळ बसत होती.

मध्येच ते म्हणाले, "हयसर बाबांचे घाव होते मा?"

मी मशीन थांबवलं. "होय. दाट होते. मधी कमी."

"माका वाटला, तेंका जमला नाय म्हणान तसे रवले."

ते त्या जागेवर अंगठा फिरवत राहिले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घासा, घासा. ऊन गेला." मी घोडा दाबला.

बॅटरी संपली तेव्हा थोडी जागा राहिली होती. तिथे आम्ही तिघांनी हाताने काचकागद ओढला. नंतर भावजींनी पाट ओल्या फडक्यात गुंडाळला आणि धावतच शाळेकडे निघाले. सासूबाई त्यांच्यामागे. मीही निघाले, मला कुणी ये म्हटलं नव्हतं तरी.

आबांनी पाट हातात घेतला, तळवा फिरवला. गोळा दाबला. पाट कलता केला. गोळा राहिला. अजून कलता केला. राहिला.

"आता धरल्यान," भावजी म्हणाले.

"ओली माती खंयय धरता. सुकताना सोडता काय ता बगूक होया. मेण लाकडात किती मुरला ता तुका ठावक आसा काय? माका पण नाय." आबांनी पाट रांगेत ठेवला. "ठेवतंय. सुटलो तर माका बोल लावू नको."

म्हणजे सुटका झाली नव्हती. चतुर्थीपर्यंतचे ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. नवरा विचारायचा, तुका काय झाला? मी म्हणे, काय नाय. भावजी रोज शाळेकडून चक्कर मारून यायचे आणि पडवीत येऊन, कुणाला सांगतोय असं न दाखवता, मोठ्याने म्हणायचे, "पाय झाले." "पोट झाला." "आज सोंड." मी आतून ऐकायची. एके दिवशी म्हणाले, "कडेक जरा भेग आसा," आणि मी हातातला तांब्या खाली ठेवला. आबांनी भेग लिंपली होती. मूळ मातीची भेग होती की लाकडापासून सुटलेली, ते कळत नव्हतं.

चतुर्थीला भावजींनी पाट डोक्यावर घेतला. वाटेला चिखल होता. पुढे झांज, मागे आम्ही बायका. सगळे मूर्तीकडे बघत होते आणि मी माती आणि लाकूड जिथे मिळतं त्या रेघेकडे. बांधावरून उतरताना भावजींचा पाय एकदा घसरला, नवऱ्याने दंड धरला, आणि माझ्या तोंडातून आवाज फुटला. सासूबाईंनी माझं मनगट धरलं ते घरापर्यंत सोडलं नाही. गणपती बसला. आरत्या झाल्या. मावशींना पहिला मोदक गेला. पण त्या वर्षीच्या गणपतीचा चेहरा मला विचाराल तर सांगता येणार नाही. नमस्काराला वाकले की मी पाटाची कडच बघायची.

विसर्जन खाडीवर. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात गेले. पाण्यात एक बुडी दिली की मूर्ती सुटते आणि रिकामा पाट वर येतो. भावजींनी बुडी दिली. पाट वर आला, त्यावर गणपती तसाच. दुसरी बुडी दिली. तसाच. काठावरची माणसं कुजबुजायला लागली. आबाही आले होते, ते म्हणाले, "हलव रे, हलव!" भावजींनी हलवलं, नवऱ्याने बाजूने जोर केला. गणपती हलेना.

आणि मग भावजी पाण्यात उभे राहून, सगळ्या गावासमोर, हसत सुटले. "वयनी! गे वयनी! सुटना नाय गो! काय करून ठेवलंस ह्यां?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी सासूबाईंच्या पाठीमागे गेले आणि पदर तोंडावर घेतला.

"हळू वरड मेल्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हसण्याने फुटत होता, की रडण्याने, ते पाठीमागून मला कळलं नाही. मग त्यांनीच वरच्या पट्टीत सांगितलं, "घाय करू नको! रवांदे पाण्यात वाईच. सुटतलो तो आपसूक!"

भावजी पाट पाण्याखाली धरून उभे राहिले. आम्ही सगळे काठावर थांबलो.